रस्ता चांगला असल्यामुळे

संध्याकाळी श्रीपत ट्रक घेऊन घरी आला की नीला त्याच्या तोंडाकडे बघत नसे, हातातल्या बादलीकडे बघे. बादलीत त्या दिवशी फुटलेली अंडी असत. दिवाळीत ती बादलीचा तळ झाकण्यापुरती असायची. आता बादली काठाला लागू लागली होती. सकाळी अंडी, रात्री अंडी, मधे कुणी आलेच तर त्याला अंडी. शेजारीपाजारी वाटून झाली, नीलाच्या माहेरी पाठवून झाली. शेवटी शेजारीणसुद्धा दार उघडण्याआधी आतूनच विचारू लागली, की नीला, हातात काय आहे?

"आज वरपर्यंत हाय," नीला म्हणाली.

"झाकण लाव, म्हंजे दिसायचं नाय," श्रीपत म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

खडपवाडी उमरठच्याही वर, डोंगराच्या कुशीत होती. वाडीच्या माथ्यावर अंड्यांची एक मोठी पोल्ट्री होती आणि तिचे मालक खाली महाडात राहत. वाडीतल्या बऱ्याच बायका पोल्ट्रीत कामाला होत्या, त्यात नीलाही होती. श्रीपतचा ट्रक रोज अंडी महाडला पोचवी. जाता-येता तो वाडीची माणसेही घेई, कारण एसटीने त्या रस्त्याकडे केव्हाच पाठ फिरवली होती. ट्रकचे हादरे झेलणारे जुने शॉकअप दिवाळीत संपले. कंपनीचे अस्सल शॉकअप महाग, आणि मागवायलाही पनवेलहून लागत. म्हणून महाडच्या विपुलच्या दुकानातून त्याने दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीचे घेतले. खोक्यावर डोंगर चढणाऱ्या ट्रकचे चित्र होते आणि चित्राखाली एक वर्षाची वॉरंटी होती.

संक्रांतीच्या आतच ते गळू लागले. खड्डा मागे पडला तरी ट्रक पुढे बराच वेळ डोलत राही, सभेत डुलक्या काढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. आणि त्याच्या प्रत्येक डुलकीला मागे काही अंडी जात. पोल्ट्रीच्या मालकांनी आवाज न चढवता सांगून टाकले होते: फुटतूट अशीच राहिली तर हंगामाअखेर शेड खाली हमरस्त्याजवळ हलवायची. तिथे त्यांची जागा पडून होती. शेड गेली तर ट्रकचे काम जाणार, नीलाचे जाणार आणि तिच्याबरोबर वाडीतल्या निम्म्या घरांचे जाणार. हे सगळे मागच्या चाकांजवळच्या दोन तेलकट नळकांड्यांवर येऊन ठेपले होते. श्रीपतला रात्री झोप लागेना, आणि त्याला दुसरे काही सुचेना म्हणून तो विपुलकडे गेला.

विपुलने आधी चहा मागवला. वॉरंटीच्या गिऱ्हाइकाला तो नेहमी चहा पाजत असे. त्याच्या हातात तेवढेच होते.

"शॉकअप तुमीच दिलात ना, विपुलशेठ?"

"दिले मी, बनवले कुठे? वॉरंटी कंपनीची असते, श्रीपतदादा. मी नुसता मधला माणूस. फोटो काढून पाठवू, मग बघू काय म्हणतात ते."

फोटो पाठवला. कंपनीचे उत्तर आले, की भाग मातीने आणि तेलाने माखलेला आहे, पुसून फोटो पाठवावा. श्रीपतने चिंधीने घासून शॉकअप लखलखीत केला. उत्तर आले, की गळती दिसत नाही. मग त्याने पुसलेला शॉकअप घेऊन ट्रक चवदार तळ्याला एक वळसा घालून आणला आणि तेलाचा थेंब सुटायच्या बेतात असताना विपुलने खाली वाकून फोटो टिपला. थेंब फारच छान आला होता. विपुलने तो दुकानातल्या दोघातिघांना दाखवलाही. उत्तर आले, की तेलामुळे भागावरचा नंबर वाचता येत नाही.

असे पंधरा-वीस दिवस गेल्यावर, श्रीपत विपुलच्या दुकानात असताना, कंपनीतून एका बाईंचा फोन आला. बोलणे अगदी नम्र होते. श्रीपतला आधी वाटले, आपले काम झाले.

"तुमची गाडी खडपवाडीच्या मार्गावर चालते ना? आम्ही त्या गावाचं नाव शोधलं, तर तुमचा एक व्हिडिओ मिळाला."

गेल्या पावसाळ्यानंतर वाडीतल्या पोरांनी रस्त्याच्या मागणीसाठी तो व्हिडिओ काढला होता. त्यात श्रीपतचा ट्रक हेलकावे खात वर येतो, थांबतो आणि खिडकीतून डोके काढून श्रीपत सांगतो, "हा रस्ता नाय. रस्ता असता तर आमी बोललोच नसतो. ही दगडाची खाण हाय, नि आमी खाणीत ऱ्हातो." व्हिडिओ खूप फिरला. मुंबईच्या नातेवाइकांचे फोन आले. जन्मात पहिल्यांदा चारचौघांनी त्याचे बोलणे वाखाणले होते, आणि तो चार-सहा दिवस थोडा ताठ चाललाही होता.

"वॉरंटी रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाला लागू आहे," बाई म्हणाल्या. "रस्ता नाही, असं तुम्ही स्वतःच सांगताय."

"ते मी रागात बोल्लो होतो, बाई."

"व्हिडिओत तुम्ही हसताय."

विपुल समोरून खुणा करत होता, त्या श्रीपतला कळेनात. आणि मग घाबरलेला माणूस बोलतो तसे तो बोलून गेला, की रस्ता आता झाला आहे, चांगला झाला आहे, हवे तर येऊन बघा. हो, बघायला कोण येतेय एवढ्या लांब, असा त्याचा हिशेब. बाईंनी तत्परतेने कळवले, की येत्या गुरुवारी कंपनीचे इंजिनियर पाहणीला येतील.

सरपंच ठकूबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. श्रीपतने उभ्याउभ्याच सगळे सांगितले. सूप थांबले.

"त्याच्या पुढच्या सोमवारी रस्त्याच्या खात्याचा साहेब खड्डे मोजायला येतोय, ते ठाऊक हाय ना तुला? तीन वर्सं हेलपाटे घातलेत त्याच्यापायी. नि तू सांगतोस रस्ता झाला? तुझ्या शॉकअपापायी आमचा रस्ता घालवतोस काय रे?"

"रस्ता गेला तर पुन्ना मागता येल, काकी. पोल्ट्री गेली तर?"

ठकूबाईंच्या दोन्ही सुना पोल्ट्रीत कामाला होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवले. मग त्यांनीच तोड काढली, आणि ती ऐकून श्रीपतला वाटले, की सरपंच उगीच होत नाही कुणी. बुधवारपर्यंत सगळ्या वाडीने मिळून खड्डे बुजवायचे. गुरुवारी कंपनीचा माणूस बघून जाईल. शुक्रवारपासून सगळे उकरायचे. सोमवारी खात्याच्या साहेबाला रस्ता होता तसा मिळेल.

"खड्डे कुटं कुटं होते तेवढं ध्यानात ठेवा," ठकूबाईंनी सगळ्यांना बजावले. "नवे पाडू नका. साहेब व्हिडिओ बघून येनार."

वाडी तीन दिवस राबली. श्रीपतच्या ट्रकने मुरूम आणला, बायकांनी घमेल्यांनी टाकला, पुरुषांनी पाणी मारून धुमसाने चोपला. प्रत्येक बुजवलेल्या खड्ड्याच्या कडेला खुणेचा एक दगड ठेवला. बुधवारी संध्याकाळी माणसे त्या रस्त्यावरून उगीचच वर-खाली फिरून आली. एका म्हातारीने चप्पल काढून पाहिली. आपल्याला हे इतकी वर्षे करता येण्यासारखे होते, हे सगळ्यांच्याच ध्यानात आले असावे. पण शुक्रवारी ते उकरायचे होते, म्हणून कुणी तो विषय काढला नाही.

गुरुवारी इंजिनियर आला. रितेश त्याचे नाव. पुण्याहून महाबळेश्वरमार्गे घाट उतरून आल्यामुळे त्याचा चेहरा उतरलेला होता. नीलाने त्याच्यापुढे ऑम्लेटची ताटली ठेवली. गुरुवार असल्याचे सांगून त्याने ती नम्रपणे बाजूला सारली आणि पाणी मागितले. मग तो ट्रकमध्ये बसला. मागे अंडी भरलेली होती. श्रीपतने ट्रक वाडीपासून उमरठपर्यंत असा नेला, की एवढ्या जपून त्याने लग्नातही नवरी आणली नव्हती. रितेशने फोन काचेपाशी ठेवून सगळा प्रवास चित्रित केला. परत आल्यावर तो स्वतःहून ट्रकखाली शिरला. तेलाचा थेंब नेमका त्याच्या कपाळावर पडला.

"गळतंय," रितेश बाहेर येऊन म्हणाला.

श्रीपतला त्याला मिठी मारावीशी वाटली.

"पण अडचण अशी आहे, काका, की रस्ता चांगला आहे. रस्ता चांगला असल्यामुळे शॉकअप आपोआप खराब होऊ शकत नाही. म्हणजे तुम्ही माल जास्त भरत असणार."

"अंडी भरतो, साहेब. जास्त भरली तर खालची ऱ्हातील का?"

रितेशने हे मान्य केले. तो प्रामाणिक मुलगा होता. "मग वजन कमी पडलं असेल. शॉकअपला पुरेसं काम मिळालं नाही, की आतलं सील सुकतं. तेही वॉरंटीत बसत नाही."

"मग वॉरंटीत काय बसतं?"

रितेशने फोनवरचा कंपनीचा फॉर्म उघडून दाखवला. मग जवळ सरकून हळू आवाजात म्हणाला, "यात चारच बटणं आहेत. खराब रस्ता, जास्त वजन, कमी वापर, मालकाचा हलगर्जीपणा. यातलंच एक दाबावं लागतं. माल खराब आहे असं बटणच नाहीये. मी दोनदा वर कळवलं. आता कळवत नाही."

हे बोलताना तो श्रीपतपेक्षाही खचलेला दिसला. नीलाने त्याला चहा करून दिला. त्याने बराच विचार करून 'कमी वापर' दाबले, कारण चारांत तेच त्याला सगळ्यात कमी अपमानाचे वाटले, आणि सगळ्यांना नमस्कार करून तो घाट चढायला निघाला.

शुक्रवारी सकाळी वाडी कुदळी-पहारी घेऊन रस्त्यावर उतरली. खुणेचे दगड जागच्या जागी होते, त्यामुळे काम झपाट्याने चालले. तिसरा खड्डा उकरत असताना खालून एक पांढरी जीप वर आली. सोमवारी अलिबागला बैठक निघाल्यामुळे रस्त्याच्या खात्याचे साहेब आजच आले होते. धड, सपाट रस्ता साठ-सत्तर माणसे मिळून खणत आहेत, असे दृश्य त्यांच्या नोकरीत त्यांनी पाहिले नसावे. ते जीपमधून उतरले, दोन पावले चालून पाहिले आणि त्यांनी विचारले, की हे काय चालले आहे?

ठकूबाईंना खोटे चटकन सुचत नसे. "तुमी येनार म्हणून खड्डे काढतोय, साहेब," त्या म्हणाल्या.

साहेबांनी फोटो काढले. रस्ता सुस्थितीत असून ग्रामस्थच त्याचे नुकसान करताना आढळले, असा त्यांचा अहवाल गेला. पुन्हा असे झाले तर गुन्हा दाखल होईल, एवढे त्यांनी तोंडी सांगितले. खडपवाडीचा रस्ता त्या वर्षीच्या कामांतून वगळला गेला. उकरलेले तीन खड्डे वाडीने त्याच दिवशी, साहेबांच्या देखत, परत बुजवले.

त्या आठवड्यापासून श्रीपतची बादली हलकी झाली. शॉकअप गळतच होते, पण ट्रकला डोलायला खड्डाच उरला नव्हता. फुटलेले अंडे शोधावे लागे. नीलाने कित्येक दिवसांनी भाजी केली. श्रीपतला शांत झोप लागू लागली. शेड हलवण्याचे बोलणे बंद झाले, आणि एके दिवशी पोल्ट्रीचे मालक स्वतःच्या मोटारीतून थेट शेडपर्यंत आले. बऱ्याच वर्षांत त्यांची मोटार वर आली नव्हती. त्यांनी बायकांची चौकशी केली, कोंबड्या पाहिल्या, श्रीपतच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला थोडे बाजूला नेले.

"तुझ्यावर माझा राग नाही, श्रीपत," मालक म्हणाले. "तुझा मोठा ट्रक मी त्या खड्ड्यांसाठी ठेवला होता. लहान गाड्या चढतच नव्हत्या. आता बघ, माझी मोटारसुद्धा चढली. पोलादपूरचा एकजण नवा टेम्पो घेऊन तयार आहे. त्याला परवडतं, मलाही परवडतं."

श्रीपत बरं म्हणाला. मालकांचे चुकत होते असेही म्हणता येत नव्हते. घरी नीलाला त्याने सांगितले, तेव्हा तिने बादली धुऊन पालथी घातली. पोल्ट्री राहिली होती, तिचे काम राहिले होते, ठकूबाईंच्या सुनांचे राहिले होते. ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते सगळे राहिले होते.

"तुमी काय करनार आता?" तिने विचारले.

त्याचे उत्तर ठकूबाईंनी दिले. खाते आता रस्त्याकडे फिरकणार नव्हते आणि रोजच्या जाण्या-येण्याने मुरूम उडत होता. दर रविवारी वाडीने तो पुन्हा टाकायचा असे ठरले. मुरूम आणायला ट्रक लागणार, आणि वाडीत ट्रक एकच होता. डिझेल ग्रामपंचायत देणार होती. मुरमाच्या खेपेला शॉकअप कसेही असले तरी चालतात, असे कुणी तरी म्हणाले, आणि ते खरेच होते.

पुढच्या रविवारी दुपारी श्रीपत ट्रकमधून मुरूम ओढून रस्त्यावर पसरत होता. वरून अंड्यांनी भरलेला नवा टेम्पो सावकाश उतरत आला आणि त्याच्यापाशी थांबला. पोलादपूरच्या ड्रायव्हरने काच खाली केली. माणूस बोलायला चांगला होता.

"मामा, रस्ता बाकी झकास ठेवलाय तुम्ही," तो म्हणाला. "फक्त त्या आंब्याच्या वळणावर जरा जास्त टाका. तिथं अंडी हलतात."

श्रीपतने मान डोलावली. टेम्पो दिसेनासा झाल्यावर त्याने घमेले भरून घेतले आणि तो वळणाकडे निघाला. तिथला खड्डा त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. एका घमेल्यात भरत नाही हे त्याला माहीत होते, म्हणून तो आणखी एक भरून आणायला परत फिरला.