सोमवारचा कॅन्सर

कॅन्सर संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सचे मशीन आणि जिना यांच्या मधल्या खोलीत, एक संख्याशास्त्रज्ञ बाई बसत. एक पदवी जीवशास्त्राची, दुसरी संख्याशास्त्राची, तिसरी संगणकावर जनुकांची छाननी करण्याची, अशा तीन पदव्या त्यांच्यापाशी होत्या. नेमणूक मात्र हंगामी होती. संस्थेत सगळे त्यांना आकडेबाई म्हणत. घरी एक मावशी होती. तिनेच त्यांना लहानाचे मोठे केले असल्यामुळे ती त्यांना नुसते 'अगं ए' म्हणे.

संस्थेचा सगळा डोलारा एका रक्तचाचणीवर उभा होता. मशीनमध्ये थेंबभर रक्त घालायचे की ते तीन हजार जनुकांची मोजदाद करून हिरवा किंवा लाल कागद बाहेर टाकी. लाल म्हणजे कॅन्सर. लाल कागदाशिवाय रुग्णाला सुईसुद्धा टोचायची नाही, असा नियम होता, आणि शहरातल्या साऱ्या इस्पितळांनी तो उचलला होता. चाचणी शंभर टक्के अचूक असल्याचे संचालकांनी जाहीर केले होते. संचालक आधी जाहीर करत. सिद्ध करण्याचे काम नंतर आकडेबाईंकडे येई.

सिद्ध करता करता आकडेबाईंचे घोडे अडले. मूळ अभ्यासात दोनशे रुग्णांचे रक्त सोमवारी तपासले होते, कारण ओपीडी सोमवारी असे. दोनशे निरोगी माणसांचे गुरुवारी तपासले होते, कारण निरोगी माणसे म्हणजे संस्थेचेच कर्मचारी, आणि गुरुवारी त्यांना विशेष काम नसे. शनिवार-रविवार मशीन बंद. सोमवारी ते थंड पडलेले असायचे, दिवसभर कुरकुरायचे आणि सगळेच आकडे चढवून दाखवायचे. मंगळवारपासून ताळ्यावर यायचे. थोडक्यात, मशीनला कॅन्सर ओळखता येत नव्हता. सोमवार ओळखता येत होता, आणि तो मात्र शंभर टक्के अचूक.

खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी एका सोमवारी मशीनमध्ये कूलरचे पाणी घातले. लाल कागद आला. त्यावर 'दुसरी अवस्था' असे छापले होते. आकडेबाई तो घेऊन तडक संचालकांकडे गेल्या.

"सर, कूलरच्या पाण्याला कॅन्सर निघालाय."

संचालक ताडकन उभे राहिले. "कुठल्या मजल्यावरचा कूलर?"

"सर, मुद्दा कूलरचा नाहीये, मुद्दा मशीनचा—"

"तिसरा ना? अहो, परवाच प्यायलोय मी तिथलं!"

दुपारपर्यंत कूलरला स्ट्रेचरवरून खाली नेण्यात आले. त्याचा केस पेपर निघाला. वय सहा वर्षे, व्यसन नाही, सोबत आलेले नातेवाईक नाहीत. वेळीच निदान केल्याबद्दल आकडेबाईंना नोकरीत कायम करण्यात आले.

आता आकडेबाईंनी लेखी टिपण दिले: 'मशीन फक्त वार ओळखते. सोमवारी कोणालाही लाल कागद मिळतो, इतर दिवशी कोणालाही हिरवा.' त्यावर सात जणांची समिती बसली आणि चहाच्या तिसऱ्या फेरीला एकमत झाले. चाचणी चुकीची असू शकत नाही, कारण तिचे उद्घाटन झालेले आहे. त्याअर्थी दोष सोमवारात आहे. सबब यापुढे सोमवारी मशीन रिकामेच चालवावे आणि कोणाचेही रक्त तपासू नये.

पुढच्या महिन्यात एकही लाल कागद निघाला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. कॅन्सरचे प्रमाण शून्यावर आले. संचालकांना पदक मिळाले, दोन वॉर्ड रिकामे करून तिथे बॅडमिंटनचे जाळे बांधण्यात आले आणि मुख्य सर्जन ऑपरेशन थिएटरात शब्दकोडी सोडवू लागले. आकडेबाईंनी कडक शब्दांत निषेधाचे पत्र दिले. ते स्मरणिकेत 'मनोगत' म्हणून पहिल्या पानावर छापले गेले आणि त्या उपसंचालक (सोमवार) झाल्या. पंख्याच्या जागी एसी आला, गोल शिक्का आला, मशीनच्या खोलीची किल्ली आली. दर सोमवारी मशीनपाशी बसून कोणी चुकून आजारी तर पडत नाही ना, हे पाहणे हे त्यांचे काम ठरले. म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी टाकायला गेल्या आणि घड्याने त्यांनाच बढती दिली.

अशात एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता मावशी म्हणाली, "अगं ए, इथे काखेत काहीतरी हाताला लागतंय. वाटाण्याएवढं."

आकडेबाईंच्या हातातली पेंडी खाली पडली. आयुष्यभर त्यांनी हजारो गाठी पाहिल्या होत्या, पण त्या तक्त्यातल्या. ही घरातली होती.

दुसऱ्या दिवशी सर्जनांनी पेन्सिल कानावर ठेवून मावशीला नीट तपासले. "गाठ आहे. मला तर स्पष्ट कळतेय. तुकडा काढून बघायला हवा आणि लवकर काढायला हवा. लाल कागद आणा, आत्ता टेबलावर घेतो."

बुधवारी रक्त दिले. हिरवा. गुरुवारी दिले. हिरवा. खिडकीतला लिपिक प्रत्येक वेळी उठून "अभिनंदन!" म्हणाला.

"बाबा रे," मावशी म्हणाली, "हे अभिनंदन जरा गाठीला सांग. ती ऐकायला तयार नाही."

आकडेबाई संचालकांसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. संचालक हळहळले. "मॅडम, मला सगळं समजतंय. पण आपल्याकडे आता कॅन्सर होत नाही. तुमच्याच मावशींना झाला, तर बाहेर काय दिसेल?"

त्या रविवारी आकडेबाईंचे मन थाऱ्यावर नव्हते. ज्या बाईने वीस वर्षांत दशांश चिन्हापुढचा एक आकडाही इकडचा तिकडे केला नव्हता, ती एका खोट्या कागदासाठी जीव टांगणीला लावून बसली होती. मावशी गेली तर 'अगं ए' म्हणणारे या जगात कोणी उरणार नव्हते.

"मावशी, उद्या सकाळी उपाशीपोटी तयार राहा. सोमवार आहे."

"पण तूच म्हणतेस ना, ते यंत्र सोमवारी धडधडीत खोटं बोलतं?"

"म्हणूनच जायचंय."

सोमवारी त्यांनी आपल्याच किल्लीने खोली उघडली. मशीन कुरकुरले, घुरघुरले आणि लाल कागद बाहेर आला. 'दुसरी अवस्था', तंतोतंत कूलरसारखी. आकडेबाईंना आनंदाने रडू फुटले. त्यांनी गोल शिक्का मारला आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरल्या. सर्जनांनी शब्दकोडे तसेच टाकले. गाठ खरी निघाली, लहान होती, मुळासकट निघाली. चौथ्या दिवशी मावशी इस्पितळाच्या चहाला नावे ठेवू लागली आणि आकडेबाईंचा जीव भांड्यात पडला.

समितीचा मात्र आनंद गगनात मावेना. कागद लाल आणि गाठ खरी! चाचणीला आक्षेप घेणाऱ्या एकमेव तज्ज्ञ बाईंनी ती सख्ख्या मावशीवर वापरली आणि ती अचूक ठरली! लगेच भव्य सत्कार ठरला आणि प्रत्येक गावाला असे एक मशीन देण्याची घोषणा झाली.

सत्काराच्या दिवशी आकडेबाई माईकसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळे सांगून टाकले. चाचणी खोटी आहे, ती फक्त वार ओळखते. मावशी वाचली ती सर्जनच्या बोटांमुळे. मी मशीनचा खोटेपणा माहीत असून वापरला आणि त्याची मला लाज वाटते. तुम्हाला मिळालेल्या एकाही हिरव्या कागदाला काडीचा अर्थ नाही. ज्यांना गाठ लागते आहे, त्यांनी आजच्या आज ती डॉक्टरकडून हाताने तपासून घ्यावी. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या रांगेतून एक हात वर आला. चला, एकाला तरी कळले, असे आकडेबाईंना वाटले.

"मॅडम, तेवढं सगळं ठीक," तो गृहस्थ म्हणाला, "पण आम्हाला हिरवाच कागद हवा असेल, तर कुठल्या वारी यायचं?"

सभागृहात चारशे पेनांची टोपणे उघडली. आणि तुम्ही हसताय खरे. पण आपले रक्त शेवटचे कुठल्या वारी तपासले होते, हेच आत्ता मनातल्या मनात आठवताय ना?