पहिल्याच झटक्यात

माझे चुलते माणिककाका शेजाऱ्याच्या संडासाचा आवाज ऐकण्यासाठी भिंतीला बाज लावून बसत. हे वाक्य लिहिताना मला संकोच वाटतो. पण त्यांची ओळख दुसरीकडून कोठून सुरू करावी ते सुचत नाही. जालन्यात त्यांच्या आणि मिर्झासाहेबांच्या घरात एकच भिंत होती. पलीकडे साखळी ओढली जाई, पाणी धडाडा कोसळे आणि अलीकडे काकांचे तोंड चिंच चावल्यासारखे होई.

"पहिल्याच झटक्यात," ते पुटपुटत. मग स्वतःला सावरून म्हणत, "बराबर हाय. पर आवाजात दम न्हाई."

आमच्या गल्लीत साखळीचे संडास दोनच. पहिला मान काकांचा. छावणीतला एक साहेब विलायतेला परतला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी आरसे घेतले, खुर्च्या घेतल्या. कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करणाऱ्या काकांनी ओतीव लोखंडाची पाण्याची टाकी घेतली आणि बैलगाडीतून मिरवत आणली. मी टेंभुर्णीहून शाळेसाठी त्यांच्याकडे राहायला आलो तेव्हा देवघराच्या आधी त्यांनी मला टाकी दाखवली.

पण ती टाकी पहिल्या झटक्यात कधी सुटली नाही. तिच्या तळाला भोक, भोकावर झडप, झडपेखाली चामड्याचे गोल वायसर. साखळी ओढली की झडप उचलावी, सोडली की घट्ट बसावी, एवढेच तिचे काम. काकांची झडप घट्ट बसत नसे. पाणी झिरपत राही, टाकी भरत नसे आणि साखळी ओढल्यावर नुसती गुळणी टाकल्यासारखा आवाज येई.

दर रविवारी काका स्टुलावर चढत. कधी जुन्या वहाणेचे वायसर, कधी फाटक्या मोटेच्या चामड्याचे, जवसाच्या तेलात मुरवलेले. ते खाली उतरले की काकू अंघोळीचे पाणी काढून उभी.

"अगं, टाकीतलं पाणी नळाचंच असतंय. खाली उतरल्यावर बाटतंय ते."

"मंग तुम्हीबी खाली उतरलात न्हवं? करा अंघोळ."

अशात मिर्झासाहेबांच्या जावयाने हैदराबादेहून पांढरीशुभ्र चिनी मातीची टाकी पाठवली, पितळी झडपेची. मिर्झासाहेब सरकारी शाळेतले उर्दूचे मास्तर, निवृत्त झालेले. त्यांनी काकांना मोठ्या अगत्याने टाकी पाहायला बोलावले. काका जाऊन आले. काकूने विचारले, कशी आहे?

"चहा लई गोड करत्यात," काका म्हणाले.

त्या दिवसापासून बाज भिंतीला लागली. मी औरंगाबादेहून कॉलेजच्या सुटीत आलो की काका मला कोपऱ्यात घेत. "तू शिकून राह्यला, तर सांग. चिनी मातीत पाणी जास्त जोर धरतं का?"

मी चाचरत सांगे, की मी इतिहास शिकतो.

"मंग शिकतो तरी काय?"

एका खंडेनवमीला हद्द झाली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारे पुजतात, विळा-कोयता पुजतात. काकांनी टाकी पुजली. हळदकुंकू वाहिले आणि वर टपोरे झेंडूचे फूल ठेवले. ते फूल आत पडले, त्याचा देठ झडपेखाली अडकला आणि टाकी अखंड वाहू लागली. दुसऱ्या दिवशी ऐन दसऱ्याला लोक सोने द्यायला येत होते आणि मागून ओढ्यासारखा खळखळाट. काका सगळ्यांना सांगत होते, "सणाला वाहतं पाणी शुभ असतंय!"

मिर्झासाहेब आले, सोने घेतले, कान टवकारून म्हणाले, "क्या माणिकराव, आज टाकी गाना गारई?" आणि हात धुऊन येतो म्हणून मागे गेले. खळखळाट थांबला. ते ओल्या बाहीने परत आले आणि करंजी खाऊ लागले. देठ कोणी काढला हे सर्वांना कळले. काका चार दिवस भिंतीकडे पाठ करून जेवले.

यंदा भादव्यात निजामाचे राज्य गेले. त्या गडबडीत मिर्झासाहेब कुटुंब घेऊन हैदराबादला जावयाकडे निघाले. जाताना नळ बंद केला, टाकी रिकामी केली आणि किल्ली काकांच्या हातात ठेवली. "देखते रहो," एवढेच म्हणाले, असे काकू सांगते.

दिवाळीला मी आलो तेव्हा बाज भिंतीलाच होती. पण पलीकडे आवाज नव्हता. काकांच्या टाकीची झडपही मधल्या काळात मोडली होती. तशी झडप जालन्यात मिळेना. काकू बादलीने पाणी ओतून वैतागली होती. ती जेवण वाढताना म्हणाली, "भिंतीपल्याड चांगली पितळी झडप कोरडी पडून राह्यलीय. बसंल तर आणून बसवा की. ते आता कशाला येत्यात?"

"येत्यात न्हाई म्हंजे?" काका ओरडले आणि ताटावरून उठले.

मला वाटले, आज मोह जिंकणार. काकांनी स्टूल उचलले, पाण्याची बादली माझ्या हातात दिली. "चल."

कुलूप काढून आम्ही मिर्झासाहेबांच्या मागच्या अंगणात गेलो. काका स्टुलावर चढले. मला वाटले, आता पक्कड मागतील. त्यांनी बादली मागितली आणि पाणी टाकीत ओतले.

"नळ सोडला असता, काका."

"त्याच्या माघारी त्याचा नळ कसा उघडू? आन् कोरडं ठेवावं तर वायसर वाळून तडकतंय. आला आन् टाकी गळाया लागली, तर काय म्हणंल?"

तेव्हा मला दिसले. त्या पांढऱ्या टाकीला हळदकुंकवाची बोटे होती. वर सुकलेले झेंडूचे फूल होते. आत पडू नये म्हणून दोऱ्याने लोखंडी दांडीला घट्ट बांधलेले.

काकांनी साखळी ओढली. पाणी धडाडा कोसळले. आवाज पूर्ण विरेपर्यंत ते मान वर करून उभे राहिले. त्यांचे तोंड पुन्हा तसेच आंबट झाले.

"अजूनबी पहिल्याच झटक्यात," ते म्हणाले. "बेइमान कुठला."

आणि दुसरी बादली आणायला मला घरी पिटाळले.