उपरण्याखालचा सौदा

आबा हेडींपुढे हात केलात, तर तो लगेच परत मिळत नाही. आबा तो धरतात, खांद्यावरचं उपरणं त्यावर टाकतात आणि आत तुमची बोटं चाचपत विचारतात, "बोला, काय म्हन्ता?"

हेडी म्हणजे बैलांचा दलाल. भाव तोंडाने बोलायचा नाही, उपरण्याखाली बोटं दाबून सांगायचा, ही त्या धंद्याची रीत. एक बोट दाबलं तर एक, दोन दाबली तर दोन, अख्खी मूठ म्हणजे पाच. चाळीस वर्षांत ही रीत आबांच्या अंगात इतकी मुरली की मेडिकलमधून खोकल्याचं औषधही ते तसंच घेत. एकदा एसटीच्या कंडक्टरवर उपरणं टाकलं, तर त्यानं घंटी मारून गाडी उभी केली.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. वडवणीच्या स्टँडसमोर मी कॉम्प्युटर क्लास काढला होता आणि गावात त्यातलं कळणारा मी एकटाच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. एका दुपारी आबा आले, माझा हात उपरण्याखाली गेला.

"मास्तर, एक कॉम्प्युटर पायजे. गेम खेळायचा."

"कोणाला खेळायचाय?"

"कोनाला का आसंना. गेम पळाला पायजे."

मी गारच पडलो. आबांचं वय पासष्ट. दिवाळीत त्यांच्या बायकोचं, वेणूकाकूंचं, डावं अंग लुळं पडलेलं. त्या खाटेवर, घरात तिसरं माणूस नाही, आणि हा गृहस्थ गेम खेळणार. स्टँडवरच्या हॉटेलात बातमी पोचली तेव्हा आबांचं डोकं फिरलं यावर एकमत झालं. त्यात माझंही मत होतं.

तरी मी सुट्या भागांची यादी केली. आबा म्हणाले, एकेक वाचून दाव. मदरबोर्ड म्हणजे काय, तर सगळं ज्याला जोडतात तो. "म्हंजी जू," आबांनी मान डोलावली. प्रोसेसर जोरदार घेतला होता. चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड मात्र मी साधंच लिहिलं होतं, म्हातारबाबाला काय कळतंय म्हणून.

"एक तेज अन् एक मठ्ठ? आवो, आसली जोडी जुंपली तर औत जाग्यावरच फिरंल."

मी गुपचूप कार्ड बदललं. पुढे पॉवर सप्लायपाशी आबा पुन्हा अडले. हा सगळ्यांना वीज पुरवतो म्हटल्यावर म्हणाले, "बैल दांडगं घेतलं अन् वैरण मूठभर?" तोही बदलला. बैलांच्या दलालाने माझी यादी तपासावी, आणि ती दोनदा चुकलेली निघावी. मला रात्रभर लागून राहिलं.

औरंगाबादच्या दुकानात तर कहर झाला. त्या काळी मेमरीच्या पट्ट्या जोडीनंच बसवाव्या लागत. दुकानदारानं दोन काढून दिल्या आणि मी पिशवीत टाकणार, तेवढ्यात आबांनी त्या तळहातावर उलट्या केल्या. पट्टीच्या कडेला असतात ते बारीक धातूचे दात त्यांनी, बैलाचे मोजावेत तसे, नखानं मोजले.

"हिचे दात पिवळे, हिचे पांढरे. जोड न्हाई ही."

दुकानदारानं पट्ट्या उजेडात धरल्या आणि त्याचा चेहरा पडला. दोन वेगळ्याच जातीच्या होत्या, मशीन सुरूच झालं नसतं. मी घसा साफ करून "बघणारच होतो" असं काहीतरी म्हणालो. वर आबा अडून बसले की बैल बाजारातच चालवून घेतात, तेव्हा इथंच जुंपून दाव. दुकानदारानं मुकाट्यानं जुंपून दाखवला.

शेवटी राहिली जॉयस्टिक. आबांनी दुकानातली एकूण एक मागवली, डोळे मिटले आणि डाव्या हाताच्या नुसत्या बोटांनी बटणं दाबत बसले. महागातली सरळ परत केली. "लई कडक हाय. नरम दाव." सगळ्यांत स्वस्त, ढिली जॉयस्टिक त्यांनी छातीशी धरली. आता मात्र हॉटेलातले बरोबर होते याची मला खात्री पटली.

घरी गेलो तर आबा म्हणाले, "खाटंपाशी लाव." मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुरू केला. आबांनी वेणूकाकूंचा डावा हात उचलून जॉयस्टिकवर ठेवला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मान खाली गेली.

"डाक्तर म्हन्ला, रबरी चेंडू दाबा. हिनं फेकून देला, म्हन्ली मी काय लेकरू हाय का. पर दवाखान्यात शेजारच्या तलाठ्याकडं हातातला गेम व्हता. ही त्याच्याशी भांडली, आसं न्हाई, तिकडं सरकव म्हनून. दिवाळीपासून पयल्यांदा बोलली. मंग म्या ठरीवलं, याच्याहून मोठा घ्यायचा."

आबा बटण दाबून गाडी सोडत, वळवायची काकूंनी; महिनाभर ती भिंतीला धडकत राहिली. बोट हलत नव्हतं, पण वाकड्या तोंडानं त्या गाडीला मोजून शिव्या देत. दावं तोडून पळणाऱ्या गायीला म्हणावं तसं "वढाळ मेली," म्हणत. डॉक्टरांनी आशा धरू नका असं आबांना सांगून ठेवलं होतं, ते मला फार नंतर कळलं.

मग एका दुपारी सहज डोकावलो. पडद्यावर गाडी भिंतीला टेकून उभी होती. आबा खाटेच्या कडेला डोळे मिटून बसले होते, आणि काकूंचा डावा हात उपरण्याखाली होता.

"काय चाललंय, आबा?"

"हळू बोल. काल एक बोट लागलं व्हतं." त्यांनी उपरण्याची कड नीट केली. "आज दुसरं बी दाबलं हिनं."

मी उंबऱ्यातच टेकलो. आबाच पुढे म्हणाले, "साऱ्या जिल्ह्याचे हात धरले, मास्तर. हिचा लग्नात धरला, तेवढाच." आणि लाजून हात काढून घेऊ लागले.

काकूंनी डोळे उघडले. जड जिभेनं, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या,

"सोडू नका. सौदा... व्हायचाय अजून."