सतरा तक्रारी आणि एक कांदा

अभिप्रायाचा फॉर्म घरी आला त्या दिवशी मनोहर पांढरीपांडे यांनी सकाळीच आंघोळ उरकली, इस्त्रीचा सदरा घातला आणि तो फॉर्म जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवून त्यावर पेपरवेट ठेवला. राज्य सरकारच्या कचेरीत अडतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या अभिप्रायासाठी नस्त्या पुढे सरकवल्या होत्या. ‘अभिमतार्थ प्रस्तुत’ लिहून लिहून बोटं झिजली, पण ‘पांढरीपांडे, तुमचं मत काय?’ असं एकाही साहेबाने कधी विचारलं नव्हतं. आणि आता वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कुणीतरी छापील कागदावर, चक्क अनुक्रमांक घालून, त्यांचं मत मागितलं होतं. त्यांचा चहा दोनदा गार झाला.

फॉर्म नातीच्या शिबिराचा होता. क्षितिजा अकरा वर्षांची. तिला डाउन सिंड्रोम आहे, त्यामुळे गोष्टी तिला उशिरा येतात, पण एकदा आल्या की मग घरात कुणाची सुटका नसते. ‘फुलवारी’ नावाच्या समितीने मे महिन्यात, भोपाळच्या टी. टी. नगरातल्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गांत, जास्तीची मदत लागणाऱ्या एकोणीस मुलांसाठी सुट्टीतलं शिबिर भरवलं होतं. एकवीस दिवस बरखेड्याच्या क्वार्टरसमोर सकाळी साडेसातला व्हॅन यायची आणि क्षितिजा सातपासून फाटकात उभी असायची. मुलगा आणि सून दोघंही कारखान्यात नोकरीला, त्यामुळे शिबिराचं सगळं खातं मनोहररावांकडे होतं.

त्या एकवीस दिवसांत घराची राज्यघटनाच बदलली. क्षितिजा स्वतःच्या हाताने जेवू लागली, आणि जेवण झालं की ताट उचलून मोरीत ठेवू लागली. इथवर सगळ्यांना कौतुक वाटलं. मग ती बाकीच्यांच्या ताटांकडे बोट दाखवू लागली. मनोहररावांनी जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं, पण ती बोट दाखवून उभी राहायची आणि ताट हलेपर्यंत हलायची नाही. शिबिरात आणखी एक नियम होता. बोलायचं त्याच्या हातात लाल चेंडू हवा, बाकीच्यांनी ऐकायचं. घरी लाल चेंडू नव्हता म्हणून क्षितिजाने टोपलीतला एक कांदा घेतला. तेव्हापासून पांढरीपांड्यांकडे रात्रीच्या जेवणाला ज्याच्या हातात कांदा, तोच बोलायचा. पस्तीस वर्षांच्या संसारात नलिनीबाईंचं वाक्य पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं जाऊ लागलं.

शेवटच्या दिवशी शिबिराच्या प्रमुख गौरीताईंनी सगळ्या घरच्यांना सांगितलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा शिबिर घ्यायचं की नाही, हे समिती घरच्यांच्या अभिप्रायावरून ठरवणार आहे. क्षितिजाने घरी येऊन कॅलेंडरचं पान उलटत उलटत दिवाळी गाठली, तिथे लाल गोल काढला आणि त्याच दिवशी दप्तर भरून दाराशी ठेवलं. मे महिना अजून संपायचा होता.

“काही डोकं नका लावू,” नलिनीबाई पोहे परतता परतता म्हणाल्या. “बहुत अच्छा था, असं लिहा अन् सही ठोका.”

मनोहरराव हसले. बहुत अच्छा लिहिलेल्या कागदाचं काय होतं, हे त्यांनी अडतीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. तारीफ आली की बाबू खूश होतो, साहेब खूश होतो आणि नस्ती त्याच दिवशी बंद होते. तक्रार आली की मात्र ती मार्क होते, टेबलावरून टेबलावर जाते, तिला उत्तर द्यावं लागतं. म्हणजे शिबिर पुढे चालवायचं तर तक्रारच हवी. हे त्यांनी बायकोला दोन वेळा समजावलं.

“काहून उगाच वाकड्यात शिरता?” एवढंच त्या म्हणाल्या. पण कांदा त्यांच्या हातात नव्हता.

मग त्यांनी कचेरीच्या खणखणीत हिंदीत तक्रार लिहिली. शिबिरामुळे कु. क्षितिजा स्वतःच्या हाताने जेवू लागली असून आजीला काम उरलेलं नाही. अधोहस्ताक्षरीला, म्हणजे खाली सही करणाऱ्याला, निवृत्तीनंतर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी स्वतःचं ताट उचलावं लागत आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना पाळी आल्याशिवाय बोलता येत नाही. शिबिर अवघ्या एकवीस दिवसांत आटोपल्याने बालिका रोज सकाळी फाटकात व्हॅनची वाट पाहत बसते, याची जबाबदारी कोणाची? लिहून झाल्यावर त्यांनी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यांना आनंद झाला. फॉर्मला जोडलेलं दुसरं पान मुलांसाठी होतं, त्यावर एक हसरा आणि एक रडका चेहरा छापला होता, आवडेल तो रंगवायचा. मनोहररावांनी ते पान क्षितिजापुढे सरकवलं, तिचं झाल्यावर न बघता टाचणी मारली, लिफाफ्यात घातलं आणि स्वतः जाऊन समितीच्या आवक-जावकला देऊन पोच घेतली.

इतपत ठीक होतं. पण मनोहरराव पांढरीपांडे उत्तम मसुदा लिहितात, हे शिबिराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक होतं. गौरांगची आई वैशाली हिने विचारलं, काका, तुम्ही काय लिहिलं? काकांची छाती फुगली. त्यांनी मसुद्याचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘सुविधेसाठी नमुना.’

भोपाळमध्ये पिढ्यान्‌पिढ्या अर्ज असेच लिहिले जातात. एक जण नमुना देतो, बाकीचे उतरवतात. नाव आणि तपशील बदलायचे असतात, पण घाईत ते राहून जातं. वैशाली एकतीस वर्षांची, गौरांग व्हीलचेअरवर बसणारा नऊ वर्षांचा मुलगा. तिने मन लावून लिहिलं की आपल्याला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ताट उचलावं लागत आहे आणि कु. क्षितिजा फाटकात बसते. करोंदच्या मंडीतले एक अडते तर कागदावर निवृत्तही झाले. एकोणीस घरांपैकी सतरा घरांनी, मनोहरराव धरून, तीच तक्रार त्याच स्वल्पविरामांसह दाखल केली.

चौथ्या दिवशी गौरीताईंचा फोन आला. आवाज रडवेला होता. समितीचे सचिव सक्सेना साहेब, स्वतः निवृत्त अधिकारी, त्यांच्यापुढे एका ओळीचा गोषवारा गेला होता. अभिप्राय एकोणीस, शिकायत सतरा. त्यांनी दिवाळीचं शिबिर चौकशी होईपर्यंत स्थगित केलं होतं.

“काका, मुलांशी माझं काही चुकलं का?” तिने विचारलं. “चुकलं असेल तर मला तोंडावर सांगायचं होतं.”

मनोहररावांना त्या क्षणी धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यांनी अडखळत तिला सांगितलं की तक्रार ही तक्रार नव्हती, ती पद्धत होती. गौरीताई पुण्याहून भोपाळला आलेली, तिला ही पद्धत कळली नाही. फोन ठेवून ते वळले तर नलिनीबाई मागेच उभ्या होत्या.

“म्हणजे पोरीचं शिबिर तुम्ही बंद पाडलं,” त्या म्हणाल्या. क्षितिजा दाराशी दप्तराची चेन लावून पाहत होती.

चूक निस्तरायला मनोहररावांना एकच मार्ग माहीत होता, दुसरा कागद. त्यांनी ‘शिकायत वापस लेने बाबत’ असा नवा मसुदा केला आणि या वेळी ग्रुपवर बजावून लिहिलं की नावं बदला. सगळ्यांनी नावं बदलली. दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या आत सतरा माघारीचे अर्ज एकाच भाषेत, एकाच तारखेला सक्सेना साहेबांच्या टेबलावर आले. साहेबांची तीस वर्षं सरकारी नोकरीत गेली होती. सतरा माणसं एकाच दिवशी तक्रार मागे घेतात तेव्हा त्याचा अर्थ काय, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी चौकशीत एक मुद्दा वाढवला, शिबिरप्रमुखाने पालकांवर दबाव आणला काय? आणि शनिवारी अकरा वाजता सर्वांनी मुलांसह हजर राहावं, असा आदेश काढला.

शनिवारी शिबिराला जायचं, एवढंच क्षितिजाला कळलं. ती पहाटेच उठली, आनंदाने तिला न्याहारी जाईना. व्हॅनच्या जागी ऑटो आली तरी तिची तक्रार नव्हती. मनोहररावांचा मात्र जीव टांगणीला लागला होता. रस्ताभर ते मनात निवेदन जुळवत होते आणि दर वेळी ते ‘उपरोक्त विषयान्तर्गत’पाशीच अडत होतं.

शाळेच्या वर्गात मुलं एकमेकांना पाहून अशी उसळली की सक्सेना साहेबांना पहिली पाच मिनिटं कुणी विचारलंच नाही. गौरांगने व्हीलचेअरवर गोल गिरक्या घेतल्या. गौरीताई कोपऱ्यात उभी होती, तिला दोन मुलांनी कमरेला मिठी मारली होती, त्यामुळे तिला धड रडताही येईना. साहेबांनी चष्मा लावला, फाइल उघडली आणि पुकारा केला, “क्षितिजा के अभिभावक खड़े हो जाएँ।”

सतरा घरं उभी राहिली.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. तेहतीस माणसं उभी होती, त्यात करोंदचे अडतेही होते, हात जोडून. वैशालीच्या हे लक्षात आलं आणि ती बसली, तिला पाहून दोघं बसले, मग उरलेल्यांना वाटलं बसायला सांगितलंय की काय. आणि मग एकदम सगळेच बोलू लागले. नमुना होता, काकांचा होता, घाई झाली, गौरीताई चांगल्या आहेत, आमच्यावर कुणाचा दबाव नाही, आमचा मुलगा आता बटणं लावतो. मनोहरराव ‘महोदय, महोदय’ करत पुढे सरकत होते, पण त्या गलक्यात त्यांचं महोदय कुणाच्या कानी पडत नव्हतं. साहेबांनी टेबल वाजवलं, त्याने गलका वाढला.

क्षितिजाला हे पटलं नाही. तिने दप्तर उघडलं, घरचा कांदा काढला, सरळ टेबलाशी गेली आणि तो सक्सेना साहेबांच्या हातात ठेवला.

“तुमची पाळी,” ती म्हणाली. मग वळून तिने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. शिबिरातली मुलं आधी गप्प झाली, त्यांना नियम माहीत होता. मग मोठी माणसं गप्प झाली.

हातात कांदा घेऊन साहेब बसले होते. एवढी शांतता त्यांना नोकरीत कधी मिळाली नव्हती. त्यांनी जरा वेळ कांदा पाहिला, मग फाइल.

“सत्रह शिकायतें तो नकल हैं,” ते सावकाश म्हणाले. “लेकिन एक कागज असली है। क्षितिजा बेटा, ये तुमने किया है?”

त्यांनी टाचणी काढून ते दुसरं पान वर धरलं. हसरा चेहरा कोरा होता. रडका चेहरा क्षितिजाने निळ्या खडूने इतका दाबून रंगवला होता की कागद मागून फाटला होता. मनोहररावांनी ते पान आता पहिल्यांदा पाहिलं. गौरीताईचा चेहरा उतरला. पोरीला शिबिरात दुःख झालं असेल आणि आपल्याला कळलंच नसेल, हे मनोहररावांच्या मनातही आलं नव्हतं.

“ये रोता हुआ क्यों, बेटा?”

क्षितिजाने हात पुढे केला. साहेबांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी कांदा तिला दिला.

“खतम हो गया,” ती म्हणाली. “शिविर खतम हो गया।” तिने पुन्हा विचार केला आणि कांदा साहेबांच्या हातात परत ठेवला. “फिर कब?”

एवढासा प्रश्न होता, पण कांदा आता साहेबांकडे होता. ‘प्रकरण विचाराधीन है’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं असावं, कारण ते हलले. पण अठरा मुलं त्यांच्याकडे पाहत होती आणि एकोणिसावी कॅलेंडरवर कुठे गोल आहे हे सांगायला बोट उचलून उभी होती. मनोहररावांना डोळे पुसायचे होते, ते त्यांनी उघडपणे पुसले.

“दिवाली में,” साहेब म्हणाले. मग पेन उघडून त्यांनी जागेवरच टीप लिहिली आणि मोठ्याने वाचून दाखवली. सत्रह शिकायतें नकल पाई गईं, नस्तीबद्ध. गौरीताईवरचा मुद्दा निराधार. बालिका की शिकायत सही पाई गई. निराकरण, शिविर दिवाली अवकाश में जितने दिन छुट्टी, उतने दिन चलाया जाए.

वर्गात जो आरडाओरडा झाला, त्याला या वेळी कुणी पाळी लावली नाही. गौरीताई हसत रडत होती. वैशालीने मनोहररावांचे हात धरले आणि म्हणाली की काका, पुढच्या वेळी मी माझंच लिहीन. जाता जाता सक्सेना साहेब त्यांच्यापाशी थांबले, कोणत्या विभागात होता असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून ‘तभी’ एवढंच म्हणाले.

संध्याकाळी पांढरीपांड्यांकडे सगळे जेवायला बसले तेव्हा मनोहररावांना राहवत नव्हतं. सिद्धांत खरा ठरला होता. तक्रारच मार्क झाली होती, तारीफ नव्हे. हे बायकोला, मुलाला आणि सुनेला तपशीलवार सांगायचं होतं. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

क्षितिजाने हात वर करून त्यांना थांबवलं. तिने टेबलावर पाहिलं, मग दप्तरात. कांदा सक्सेना साहेबांकडे राहिला होता.

“कांदा नाही,” तिने जाहीर केलं आणि ती शांतपणे वरणभात खाऊ लागली. मनोहररावांनी आशेने बायकोकडे पाहिलं. स्वयंपाकघरात टोपलीभर कांदे होते. नलिनीबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि त्याही गप्प जेवू लागल्या. जेवण झाल्यावर मनोहररावांनी आपलं ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं आणि पुन्हा येऊन क्षितिजाशेजारी गप्प बसले.