बेडकाची काच

सकाळी साडेदहाला सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि पावणेअकराला अख्खी प्रयोगशाळा डोक्यावर घेतली. काचेवरच्या रक्तातली प्रत्येक पेशी हिरवीगार चमकत होती. आजारी पेशी ओळखायची खूण सापडली, असं सरांनी जाहीर केलं, संचालकांना फोन केला आणि चार वाजताचा केकसुद्धा सांगून टाकला.

ती काच तयार केली होती बाईंनी. बाई म्हणजे तिथल्या तंत्रज्ञ. सतरा वर्षं त्या काचा रंगवत होत्या आणि सतरा वर्षं त्यांचं नाव शोधनिबंधाच्या अगदी शेवटी, आभाराच्या ओळीत, नळदुरुस्ती विभागाच्या शेजारी छापून येत होतं. या वेळी सर म्हणाले, "बाई, पहिलं नाव तुमचं!" बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात. त्यांनी लगेच घरी फोन लावला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा.

"आई, एवढ्यात कोणाला सांगू नकोस हं."

"छे गं! फक्त तुझ्या दोन्ही मावश्यांना सांगितलंय."

म्हणजे गावभर झालं होतं. फोन ठेवून बाईंनी काच पुन्हा नीट पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. आजारी पेशी शंभरात एखादी असायला हवी. इथे झाडून सगळ्या चमकत होत्या.

"सर, हे खरं नाही. आपण चमकता रंग लावून रक्तावर घालतो त्या अँटिबॉडीला दोन हात असतात आणि खाली एक दांडा. खूण पकडायची ती हातांनी. पण या पेशी दांड्यालाच धरून बसल्यात. दांडा तोडून नुसते हातांचे तुकडे वापरायला हवेत."

"बाई, चांगल्या कामात खोडा घालू नका."

"खोडा दांड्याने घातलाय, सर."

"संचालक चारला येतायत. पहिलं नाव पाहिजे ना तुम्हाला?"

बाईंचं डोकंच फिरलं. नाव पाहिजे होतं, सतरा वर्षं पाहिजे होतं. म्हणूनच ते खोट्यावर नको होतं.

मागच्याच आठवड्यात त्यांनी पपईच्या चिकातलं विकर घालून थोड्या अँटिबॉडीचे दांडे तोडून ठेवले होते. सरांनी "वेळ घालवू नका" म्हणून ती नळी मागे सारली होती. बाईंनी ती बाहेर काढली आणि त्या तुकड्यांची एक काच केली. मग शेजारच्या प्रयोगशाळेतून बेडकाच्या कातडीसाठी बनवलेली, दांड्यासकटची अँटिबॉडी मागून आणली आणि दुसरी काच केली. माणसाच्या रक्तात बेडूक नसतो, एवढं तर सरांनाही कबूल करावं लागलं असतं.

चारला संचालक आले, सोबत फोटोग्राफर. सरांनी घाईघाईत हाताला लागली ती काच सरकवली.

"वा! इतकं स्पष्ट मी आजवर पाहिलं नव्हतं," संचालक म्हणाले.

"हीच आमची खूण, साहेब! बाई, या, फोटोत या."

बाई जागच्या हलल्या नाहीत. "ती बेडकाची काच आहे."

"कोणाची?" संचालकांनी विचारलं.

"बेडकाची. रक्त माणसाचं, अँटिबॉडी बेडकाच्या कातडीची. तरी चमकतंय, कारण दांडा आहे. सरांचा शोधही असाच चमकतोय."

सर दात आवळून पुटपुटले, "बाई, विचार करा. पहिलं नाव..."

"बेडकाचं घाला. आजच्या कामात त्याचाच वाटा मोठा आहे."

संचालक आल्या पावली परत गेले. केक फोटोग्राफरने एकट्याने खाल्ला. निबंध रद्द, असं सांगून सरांनी आपल्या खोलीचं दार धाडकन लावून घेतलं. तेवढ्यात थोरल्या मावशीचा फोन आला.

"कधी छापून येणार गं?"

"नाही येणार, मावशी. मीच नको म्हटलं."

फोन ठेवल्यावर मात्र बाईंना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. त्या रागातच त्यांनी कोणी न पाहिलेली तुकड्यांची काच सूक्ष्मदर्शकाखाली घातली. सगळा अंधार होता. त्यांनी काच हळूहळू सरकवली. कडेला एकच पेशी हिरवी चमकत होती. पुढे पुन्हा अंधार, आणि बऱ्याच वेळाने आणखी एक. अगदी जशी असायला हवी तशी.

दार किलकिलं झालं. सरांचा एक हात दारावर होता आणि दुसऱ्यात फोन.

"बाई, त्या बिनदांड्याच्या काचेत काही दिसतंय का?"

हे आणखी तीनदा करून बघायला हवं होतं, शांतपणे. बाईंनी सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला नाही.

"अंधार आहे, सर," त्या म्हणाल्या. "अजून आठवडाभर तरी राहील."