उशाखालचा पाव

माझ्या सुनेला चोरून खायची खोड आहे, हे मला लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, तेही परदेशात, कळलं! घरी काय कमी होतं? पोटभर खा म्हणणारी सासू मिळायला नशीब लागतं. आणि आमच्या बाईसाहेबांच्या उशाखाली पाव! एक नाही, चार तुकडे, वाळून कौलासारखे कडक झालेले.

लेक, सून आणि मी, आम्ही तिघं तिकडे नात आणायला गेलो होतो. सुनेची कूस उजवली नाही, म्हणून दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं, आणि कागद हलत हलत थेट परदेशातल्या अनाथाश्रमात पोचले. पोर पाच वर्षांची, डोळे मोठे, तोंड बंद. तिथला नियम असा, की पोर ताब्यात देतात, पण पंधरा दिवस तिथेच भाड्याच्या घरात राहायचं. मग तपासणीच्या बाई येणार, घर बघणार, पटलं तर सही करणार. नाही पटलं तर पोर परत!

"घाबरू नका," मी लेकाला सांगितलं. "चार पोरं वाढवलीत मी. हिला आठ दिवसांत सुतासारखी सरळ करते!" आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "लाड हवे तेवढे करा. पण चोरटं पोर मला घरात चालायचं नाही."

तर तो पाव. मी सुनेला हाक मारली.

"हे काय गं?"

तिने ते तुकडे पटकन ओंजळीत गोळा केले. मग म्हणाली, "मीच ठेवला, आई. दुपारी भूक लागते."

"मग मागून खावं! उंदरासारखं उशाखाली कशाला?"

"चुकलं, आई."

चुकलं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव! तिसऱ्या दिवशी उशीच्या खोळीत तीन बिस्किटं आणि अर्धं सफरचंद, वर मुंग्यांची जत्रा. मी लेकाला धरलं.

"तुझ्या बायकोला भस्म्या झालाय!"

"असू दे ना, आई," तो कागदांतून मान वर न काढता म्हणाला. बायकोपुढे गोगलगाय! म्हटलं, आता आपणच बघायचं. माझ्या सासूबाई फडताळाला कुलूप लावायच्या. त्यांच्या राज्यात कुणाची टाप नव्हती शेंगदाणा उचलायची. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. भाषा येत नव्हती, म्हणून हाताने कुलूप करून दाखवलं. दुकानदाराने आधी पक्कड काढली, मग कुत्र्याची साखळी, मग घाबरून मालकाला बोलावलं! शेवटी मिळालं. स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

त्या संध्याकाळी पोर जेवताना थांबेचना. पोटाचा नगारा झाला तरी हात तोंडाकडेच. शेवटी सगळं ओकली. सून तिला धुवत होती, पुसत होती, आणि मी दारात उभी राहून म्हणतेय, "बघ! तुझं बघूनच शिकली!"

सुनेने बादली उचलली आणि फरशी पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या. सांगितल्याच्या दोन दिवस आधी! त्यांनी पलंग पाहिले, न्हाणीघर पाहिलं, पोरीच्या कपड्यांना हात लावून पाहिला. लेक त्यांच्यासाठी ग्लास काढायला गेला, तर कुलूप! बाईंचं पेन थांबलं. त्यांनी काहीतरी विचारलं आणि लेकाचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"आई, त्या विचारतायत, मूल असलेल्या घरात खाण्याला कुलूप का?"

"सांग, सून चोरते!"

"आई!"

"मग काय खोटं सांगू?"

त्याने चाचरत सांगितलं. बाईंनी सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे बोट करून, उघडा, अशी खूण केली. मी उघडलं.

पोर वाऱ्यासारखी धावली. दोन पाव उचलले, आमच्या सगळ्यांच्या देखत आतल्या खोलीत गेली आणि सुनेच्या उशाखाली ठेवले. वरून उशी दोनदा थोपटली. मग पलंगाला पाठ लावून उभी राहिली, पहाऱ्यावर असल्यासारखी.

कुलूप अजून माझ्या हातातच होतं.

बाई हळू हळू बोलल्या. लेक एकेक वाक्य सांगत गेला. "अनाथाश्रमातली मुलं खाणं लपवतात. उद्या मिळेल की नाही, त्यांना ठाऊक नसतं. कुणी हिसकावणार नाही अशी जागा ती शोधतात." बाईंनी पलंगाकडे हात केला. "हिने उशी कुणाची निवडली, ते बघा."

मग त्यांनी कुलपाकडे पाहिलं. त्या काय विचारतायत, हे कळायला मला लेक लागला नाही. मी कुलूप किल्लीसकट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बाई बराच वेळ लिहीत बसल्या. तेवढ्या वेळात मी जन्मभराचे देव आठवले. शेवटी त्यांनी सही केली.

त्या गेल्यावर मी सुनेसमोर जाऊन उभी राहिले. ती जमिनीवर बसली होती, पोर तिच्या मांडीवर.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी भस्म्या म्हटलं, उंदीर म्हटलं, तरी तोंडातून ब्र नाही काढलास?"

"तुम्ही म्हणाला होतात, चोरटं पोर घरात चालणार नाही," ती पोरीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "म्हटलं, चोरटी सून एक वेळ चालेल."

मी पदराने नाक पुसलं आणि जमेल तेवढा आवाज चढवला.

"खोटारडी! इतकं सफाईदार खोटं बाई फक्त आपल्या पोरासाठी बोलते. झालीस तू आई! आता ऊठ आणि जेव काहीतरी, वाळून काटकी झालीयेस!"