राक्षसाच्या दाराशी कदम सर

आमच्या कॉलेजातले भूगोलाचे कदम सर गेली काही वर्षं एका राक्षसाच्या दाराशी उभे आहेत. आत राक्षस, हातात तलवार, सगळं राज्य वाट बघतंय, आणि सर ऐनवेळी मागं फिरून गावात जातात. कारण सुताराच्या म्हातारीला औषध पोचवायचं राहिलेलं असतं. हे सगळं कॉम्प्युटरवर चालतं, नांदेडातल्या त्यांच्या दोन खोल्यांत. सर पन्नाशीचे, एकटे, मूळचे लोह्याकडचे. मी त्यांचा शेजारी. त्याच कॉलेजात मराठी शिकवतो. गेममधलं मला ओ की ठो कळत नाही, पण सर चहा फार चांगला करतात.

सरांच्या गेममध्ये माणसं भेटतात, काहीबाही विचारतात, आणि खाली तीन-चार उत्तरं येतात. त्यातलं एक आपण निवडायचं. तुम्ही निवडाल तशी गोष्ट पुढं जाईल, असं गेमवाल्यांचं म्हणणं. सरांनी ते फारच मनावर घेतलं आहे. एकेक उत्तर निवडायला ते मुलीचं स्थळ बघितल्याइतका वेळ लावतात. गेममधल्या कुणाच्या घरात शिरायचं तरी आधी दारात थांबतात.

"आवाज न देता कसं शिरावं? बाया-माणसं असतेत घरात."

गेमचा शेवट कसा असावा, याबद्दल त्यांचं मत पक्कं आहे. "शेवट तेराव्यावानी पायजे. कोण आलं, कोण न्हाई आलं, त्यावरून कळतंय माणूस कसा जगला ते. म्या म्हातारीला औषध दिलं, तर शेवटी म्हातारी दिसाया पायजे का न्हाई? हे नुसता राजा दाखवून राहिले!" राजाला ते फारसं मोजत नाहीत.

एका संध्याकाळी सर भलतेच तापलेले. गेममधल्या नायकाला भांडून गेलेला एक थोरला भाऊ होता. सरांनी त्याला माफ करून पाहिलं, त्याच्या पाया पडून पाहिलं, गप्प बसूनही पाहिलं. भाऊ दरवेळी पुलावर मरायचाच.

"काहीबी निवडा, ह्यो मरतोच! मंग मला इचारलं कशाला? सरळ सिनेमा काढायचा की!"

"अहो, गेममधला भाऊ तो," मी म्हटलं. सरांनी कॉम्प्युटर बंद केला. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

सरांनाही थोरला भाऊ आहे, गावाकडं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं वाजलं, आणि चारचौघांत सर बोलून गेले, "मला भाऊ न्हाई." तेव्हापासून जाणं-येणं बंद. आता त्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं होतं. पत्रिका आली, पण मोबाईलवर. सरांनी ती मला पुन्हा पुन्हा दाखवली.

"भावकीला अक्षद घेऊन दारात यावं लागतंय. हे काय आवतन झालं? म्या न्हाई जात."

लग्नाच्या दिवशी सकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून ते माझ्या दारात उभे. "चलता का संगं? एकट्यानं जमायचं न्हाई."

बसमध्ये सरांनी तीन वाक्यं तयार केली. भाऊ चिडला तर एक, टोमणा मारला तर दुसरं, ओळखच दाखवली नाही तर तिसरं. पोरं परीक्षेआधी पुटपुटतात तसे पुटपुटत होते. मला हसू यायला लागलं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं, पंगती चालू होत्या. मुलीचा बाप स्वतः वरणाची बादली घेऊन वाढत होता, घामानं निथळत. सरांना बघून तो थबकला. सरांचे ओठ हलले, पण तिन्हीतलं एकही वाक्य निघेना.

"जेवलास का?" भावानं विचारलं.

"न्हाई, दादा."

"मंग हुबा काय राहिलास? घरच्यांनी पावण्यांच्या आधी बसायचं असतंय का? धर ही बादली."

सरांनी बाह्या सारल्या आणि बादली धरली. मी पंगतीत बसलो. वाढत वाढत ते माझ्यापर्यंत आले, तेव्हा त्यांचे डोळे लालभडक झाले होते आणि निम्मं वरण पत्रावळीबाहेर गेलं.

"सावकाश जेवा, सर," ते म्हणाले. "लाजू नका. घरचंच लग्न हाय."